कर्जत ते खोपोली : सहा स्थानकांचा प्रोग्राम

मुंबईहून आलेली लोकल कर्जतच्या पुढे जाते ती फक्त खोपोलीला. मधे पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी. दोन्ही टोकं धरून स्थानकं सहा, अंतर साधारण 15 किलोमीटर, प्रवास साधारण 25 मिनिटांचा. प्रोग्रॅमिंग शिकायला याहून सोयीचा विषय मला तरी सापडलेला नाही.

खोपोली, खालापूर, कर्जत या पट्ट्यातली बरीच मुलं आयटी, कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंग शिकतात आणि रोज याच गाडीनं ये-जा करतात. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगबद्दल त्यांना काहीही विचारा, उत्तर तोंडपाठ असतं: एन्कॅप्सुलेशन, ॲब्स्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम. चार खांब, प्रत्येकी दोन मार्क. उदाहरण विचारलं की ‘ॲनिमल’ नावाचा क्लास, त्यातून निघालेला ‘डॉग’ आणि त्याची भुंकणारी मेथड. आता कुत्र्याचा प्रोग्राम लिहून द्या म्हणून कुणीच कुणाला काम देत नाही. त्यामुळे व्याख्या पाठ होतात आणि पहिल्या नोकरीत पहिला खरा कोड समोर आला की कुठून हात घालायचा ते कळत नाही.

गंमत म्हणजे ही पद्धत जन्मली ती खऱ्याखुऱ्या रांगा आणि वर्दळीच्या प्रश्नांतून. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांनी 1960 च्या दशकात सिम्युला ही भाषा बनवली. त्यांना संगणकावर प्रत्यक्ष व्यवहाराची नक्कल उतरवायची होती: वाट पाहणारे, सेवा देणारे, एकमेकांना अडवणारे घटक. सिम्युला 67 मध्ये क्लास, ऑब्जेक्ट आणि इनहेरिटन्स या तिन्ही गोष्टी आलेल्या होत्या. ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ हे नाव रूढ केलं ॲलन के यांनी. झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत 1970 च्या दशकात त्यांनी स्मॉलटॉक घडवली. ऑब्जेक्टनी एकमेकांना पाठवलेले निरोप हाच या पद्धतीचा गाभा, क्लास नंतर, असं के पुढेही सांगत राहिले. आपल्या पाठ्यपुस्तकांनी मात्र क्लासच पुढे आणला.

एकेरी रुळावरून धावणारी गाडी हा अगदी सिम्युलाच्या जातकुळीतला प्रश्न आहे. म्हणून आपला प्रोग्राम खोपोलीच्या फाट्याचा. वेळापत्रक दाखवायला लोकलप्रवाशांच्या फोनमध्ये एम-इंडिकेटर आहेच. सचिन टेके यांनी ते 2010 मध्ये आणलं. त्याच्याशी आपली स्पर्धा नाही. आपल्याला एवढंच हवंय: मार्गावर कोणती स्थानकं, गाडी कुठे कधी पोचेल, आणि एका वेळी एकेरी रुळावर दोन गाड्या जाणार नाहीत. भाषा पायथन, कारण ती फुकट आहे, छोटी आहे, आणि लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइडमध्येही चालते.

अट एकच: आधी टेस्ट, मग कोड.

टेस्ट ड्रिव्हन डेव्हलपमेंट ही पद्धत केंट बेक या अमेरिकन प्रोग्रॅमरनं लोकप्रिय केली. वडिलांच्या एका जुन्या प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकात लहानपणी वाचलेला सल्ला आपण नव्यानं वापरला, एवढंच श्रेय तो स्वतःकडे घेतो. संगणकाला टेपवरून माहिती दिली जायची त्या काळातलं ते पुस्तक. त्यातला सल्ला असा, की अपेक्षित उत्तराची टेप आधी हातानं तयार करा आणि प्रोग्रामची टेप तिच्याशी जुळेपर्यंत प्रोग्राम लिहीत राहा. 1997 मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना विमानातच बेक आणि एरिक गामा यांनी जावासाठी जेयुनिट लिहायला घेतलं. आज जवळपास प्रत्येक भाषेत त्याची भावंडं आहेत. पायथनमधलं युनिटटेस्ट त्यातलंच. वापरायला सुटसुटीत मात्र पायटेस्ट.

कामाचा क्रम तीन पावलांचा. अजून न लिहिलेल्या कोडसाठी एक छोटी टेस्ट लिहायची आणि ती फेल होताना डोळ्यांनी पाहायची. याला लाल म्हणतात. ती पास होण्यापुरता, त्याहून एक ओळही जास्त नाही, एवढा कोड लिहायचा; हे हिरवं. मग टेस्ट हिरव्या ठेवून कोड नीटनेटका करायचा, म्हणजे रिफॅक्टर. फेल होताना पाहायची ही पायरी मुलं हमखास गाळतात. कधी फेलच न झालेली टेस्ट काही तपासते आहे की नुसतीच बसली आहे, हे कळायला दुसरा मार्ग नाही.

पहिली टेस्ट सोपी. मार्गाला विचारायचं: तुझं पहिलं स्थानक कोणतं? कर्जत. शेवटचं? खोपोली. एकूण किती? सहा. टेस्ट चालवली की पायथन म्हणतो, ‘मार्ग’ नावाचं मला काही माहीतच नाही. लाल. मग ‘मार्ग’ हा क्लास लिहायचा. त्याच्या पोटात स्थानकांची यादी आणि बाहेर दोन-तीन प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या मेथड. हिरवं. पाच मिनिटांचं काम, पण एक निर्णय होऊन गेला: यादी मार्गाच्या ताब्यात आहे आणि इतरांनी तिला हात लावायचा नाही, मार्गाला विचारायचं. एन्कॅप्सुलेशन म्हणतात ते हेच. पायथन त्यासाठी कुलूप देत नाही. नावाआधी एक अंडरस्कोर लावून ‘हे आतलं आहे’ असं सांगायचा फक्त रिवाज आहे. मला तो पुरेसा वाटतो.

दुसऱ्या टेस्टला खरी मजा आहे. कर्जत ते लौजी मधली स्थानकं कोणती? पळसदरी, केळवली, डोळवली. पायथनमध्ये यादीचा तुकडा कापणं एका ओळीचं काम. कर्जतचा क्रमांक शून्य (मोजणी शून्यापासून), लौजीचा चार, मधला तुकडा घेतला की झालं. टेस्ट हिरवी, आणि बहुतेक जण इथेच पुढे सरकतात. आता परतीची टेस्ट लिहा: खोपोली ते पळसदरी. उत्तर यायला हवं लौजी, डोळवली, केळवली. येते ती रिकामी यादी. एरर नाही, इशारा नाही, काही नाही. पाचव्या क्रमांकापासून पहिल्या क्रमांकापर्यंत पुढे जाणारा तुकडा अस्तित्वातच नसतो, म्हणून पायथन मुकाट्यानं रिकामी यादी देऊन मोकळा होतो. प्रोग्राम कोसळला असता तर लगेच कळलं असतं. हा बग चालू राहतो आणि प्रवाशाला सांगतो की खोपोली ते पळसदरी मधे एकही स्थानक नाही. परतीच्या टेस्टमुळे तो सुरुवातीलाच सापडतो. उपाय सोपा: सुरुवातीचा क्रमांक मोठा असेल तर लहान क्रमांकापासून तुकडा काढायचा आणि उलटा करायचा.

इथे एक प्रश्न पडायला हवा. ‘पुढचं स्थानक’ ही माहिती स्थानकाकडे ठेवायची की मार्गाकडे? वहीत क्लासचे चौकोन काढत बसलो तर वाटतं, स्थानकाकडेच ठेवू, सोपं आहे. पण पळसदरीला पुढचं स्थानक कोणतं? खोपोलीच्या गाडीला केळवली, पुण्याच्या गाडीला मात्र घाट. आज फाट्यावर असलेली खोपोली एके काळी मुख्य मार्गाचं टोक होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं 1856 मध्ये रूळ खोपोलीपर्यंत, म्हणजे बोरघाटाच्या पायथ्याशी, आणले. खंडाळा ते पुणे मार्ग 1858 मध्ये सुरू झाला. मधला घाट प्रवासी पालखीनं, तट्टावरून किंवा पायी चढत. 1863 मध्ये घाटातला रेल्वेमार्ग खुला झाला, मुख्य वाट पळसदरीहून वर वळली आणि खोपोली बाजूला राहिली. स्थानक तेच, त्याचं ‘पुढचं’ बदललं. म्हणून ‘पुढचं स्थानक’ सांगायचं काम मार्गाचं. स्थानकाला स्वतःचं नाव माहीत असलं की पुरे.

आता वेळ. नवशिका वेळ मजकूर म्हणून ठेवतो. मग 9:05 आणि 10:30 यांत आधी कोण असं विचारलं की पायथन 10:30 म्हणतो, कारण अक्षरांच्या क्रमात ‘1’ हा ‘9’ च्या आधी येतो. टेस्ट लाल होते आणि ‘वेळ’ हा स्वतंत्र क्लास जन्माला येतो. त्याच्या पोटात एकच आकडा: मध्यरात्रीपासून झालेली मिनिटं. 9:05 म्हणजे 545, 10:30 म्हणजे 630. तुलना सोपी झाली.

पुढची टेस्ट मुद्दाम रात्रीची घ्या. समजा एक गाडी 23:50 ला कर्जतहून निघाली. 25 मिनिटांनी खोपोलीला पोचली तर घड्याळात 00:15 दिसायला हवं. 1430 अधिक 25 म्हणजे 1455. दिवसाची मिनिटं 1440, म्हणून भागून बाकी काढली की 15, म्हणजेच 00:15. हिरवं. आणि लगेच दुसरी टेस्ट: ही पोचण्याची वेळ निघण्याच्या वेळेनंतरची आहे ना? लाल! 15 हे 1430 पेक्षा लहान आहे. प्रोग्रामच्या मते गाडी निघण्याआधीच पोचली. दोन्ही टेस्ट बरोबर आहेत, चुकीची आहे ती आपली समजूत, की पोटातला आकडा आणि दाखवायचा आकडा एकच असतो. पोटात 1455 च राहू द्यायचं, बाकी काढायची ती फक्त दाखवताना. बाहेरच्या कुणालाही हा बदल कळतसुद्धा नाही, कारण ते ‘वेळ’ला प्रश्न विचारत होते, तिच्या पोटात डोकावत नव्हते. आतला हिशेब बदलला आणि बाहेरची एकही ओळ बदलावी लागली नाही, हे एकदा स्वतःच्या हातानं अनुभवलं की एन्कॅप्सुलेशनची व्याख्या पाठ करायची गरज उरत नाही.

सगळ्यांत महत्त्वाचा भाग एकेरी रुळाचा. आपल्या प्रोग्रामपुरता नियम असा धरू: पळसदरी ते खोपोली या तुकड्यात एका वेळी एकच गाडी. रेल्वेनं हा प्रश्न संगणक येण्याच्या कितीतरी आधी सोडवला, टोकननं. भारतात एकेरी मार्गांवर नील यांचं बॉल टोकन यंत्र वर्षानुवर्षं वापरात राहिलं. तुकड्याच्या दोन्ही टोकांना एकेक यंत्र, दोन्ही विजेनं एकमेकांशी बांधलेली. एका यंत्रातून पोलादी गोळा बाहेर काढला की तो कुठल्या तरी यंत्रात परत जाईपर्यंत दुसरा निघतच नाही. गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी पुढे न्यायची नाही. रूळ मोकळा आहे की नाही हे ड्रायव्हर स्वतः ठरवत नाही. तो टोकन मागतो, मिळालं तर जातो.

‘तुकडा’ हा क्लास याच धर्तीवर लिहायचा. त्याची पहिली टेस्ट: मोकळ्या तुकड्याकडे गाडीनं टोकन मागितलं की ते मिळतं. दुसरी: पहिल्या गाडीकडे टोकन असताना दुसरीनं मागितलं तर नकार. तिसरी: पहिलीनं परत केल्यावर दुसरीला मिळतं. चौथी टेस्ट मुलांना सुचत नाही, ती मी सुचवतो: जिच्याकडे टोकन नाही तिनं ते परत करायचा प्रयत्न केला तर? सरळसोट कोडमध्ये तुकडा निमूटपणे ‘मोकळा’ होतो. पहिली गाडी केळवलीपाशी असते आणि दुसरीला हिरवा कंदील मिळतो. ‘मोकळा’ अशी खूण बाहेरून कुणालाही खरी-खोटी करता येत असेल तर हा अपघात ठरलेला. टोकन कुणाकडे आहे ते तुकड्यानं स्वतः लक्षात ठेवायचं आणि परत करणारी गाडी तीच आहे का ते तपासायचं. कोड जेमतेम दहा ओळींचा होतो, पण नियम आणि माहिती एकाच ठिकाणी नांदतात.

आता इनहेरिटन्स. वर्गात सगळ्यांत जास्त वेळ यावर जातो, आणि माझ्या मते हा विषय तेवढ्या वेळाच्या लायकीचा नाही. कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या थांबतात त्या मागे बँकर इंजिनं लावायला. बोरघाटाचा चढ 37 ला 1, पुढच्या एका इंजिनाच्या आवाक्याबाहेरचा. हे प्रोग्राममध्ये कसं आणायचं? पाठ्यपुस्तकी उत्तर: ‘गाडी’पासून ‘घाटाची गाडी’ हा क्लास काढा आणि त्यात बँकर घाला. दिसायला सुबक. पण तीच गाडी कर्जतपर्यंत साधी असते, घाटापुरती बँकरवाली होते आणि चढ संपला की पुन्हा साधी. ऑब्जेक्टला अर्ध्या प्रवासात क्लास बदलायला लावणं शहाणपणाचं नाही. त्यात फेब्रुवारी 2023 पासून मुंबई–सोलापूर वंदे भारत याच घाटातून बँकरशिवाय जाते. म्हणजे घाटाची गाडी असून बँकर नाही. वारशाची उतरंड इथे मोडते. साधा उपाय: गाडीकडे इंजिनांची यादी असू द्या, तीत ‘जोड’ आणि ‘सोड’ करता येऊ द्या. वारसा घेण्यापेक्षा घटक जोडा, हा सल्ला 1994 च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकात ठळकपणे आहे. त्याच्या चार लेखकांतला एक म्हणजे विमानात जेयुनिट लिहिणारा तोच एरिक गामा.

पॉलिमॉर्फिझमला मात्र कर्जतमध्ये जागा आहे. ‘इथं थांबतेस का?’ हा एकच प्रश्न प्रत्येक गाडीला विचारा. खोपोली लोकल कर्जतला हो म्हणेल आणि पळसदरीलाही हो. बँकर घेणारी एक्स्प्रेस कर्जतला हो म्हणेल, पळसदरीला नाही. विचारणाऱ्याला गाडीचा प्रकार तपासत बसावं लागत नाही. ॲलन के यांचा निरोपांवरचा भर का होता ते इथे कळतं.

एक गोष्ट मराठी मुलांना कुणी सांगत नाही. डिसेंबर 2008 मध्ये आलेल्या पायथन 3 पासून क्लास आणि मेथडची नावं देवनागरीत देता येतात. भाषेचे स्वतःचे शब्द इंग्रजीच राहतात आणि पायटेस्टला टेस्ट ओळखू यावी म्हणून तिच्या नावाची सुरुवात ‘टेस्ट’ या इंग्रजी शब्दानं करावी लागते. पुढे मात्र ‘टोकन नसलेल्या गाडीला परत करता येत नाही’ असं अख्खं वाक्य अंडरस्कोरनी जोडून लिहिता येतं. टेस्ट फेल झाली की पडद्यावर मराठीत नियम मोडल्याचं दिसतं. फक्त ‘दुसऱ्या’सारख्या शब्दांतल्या जोडाक्षरांवर नजर ठेवा: काही कीबोर्ड ‘ऱ्य’ लिहिताना मधे न दिसणारा एक जोडक घालतात आणि पायथन तो नावात चालवून घेत नाही. ओळ अगदी बरोबर दिसते आणि तरी एरर येतो. नोकरीच्या ठिकाणी नावं इंग्रजीतच द्यावी लागतील. शिकताना मात्र डोक्यातला विचार आणि पडद्यावरचं नाव एकाच भाषेत असलेलं बरं.

एवढा खटाटोप परवडतो का? मायक्रोसॉफ्टच्या तीन आणि आयबीएमच्या एका टीमचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. आधी टेस्ट लिहिणाऱ्या या टीमच्या कोडमध्ये तशाच इतर प्रोजेक्टच्या तुलनेत 40 ते 90 टक्के कमी दोष आढळले. सुरुवातीचा वेळ मात्र त्यांच्या व्यवस्थापकांच्या अंदाजानं 15 ते 35 टक्के जास्त लागला. चार टीमवरून सगळ्या जगाचा निष्कर्ष काढू नये, आणि ही पद्धत अंगावर येते म्हणणारे अनुभवी प्रोग्रॅमरही आहेत. पडद्यावरची बटणं कुठे असावीत हे ठरवायला टेस्टचा फारसा उपयोग नाही हे मलाही मान्य. पण जिथे नियम आहे, तिथे टेस्ट आधी लिहिण्याला मी पर्याय मानत नाही.

टेस्ट आपण विचारलेलंच तपासते, न विचारलेलं नाही, हेही ध्यानात असू द्या. रविवारचं वेळापत्रक वेगळं असू शकतं हे तुमच्या डोक्यात आलंच नाही, तर शंभर टेस्ट हिरव्या असूनही प्रोग्राम रविवारी चुकेल. आणि मध्य रेल्वेच्या आजच्या खऱ्या वेळा टेस्टमध्ये कोंबू नका. नवं वेळापत्रक आलं की कोड बरोबर असूनही सगळं लाल होईल. खऱ्या वेळा वेगळ्या फाइलमध्ये, टेस्टमध्ये आपण ठरवलेल्या खोट्या वेळा.

कॉलेजांतल्या शिक्षकांना शेवटी एक विनंती. पुढच्या प्रॅक्टिकलला चार खांबांच्या व्याख्या विचारण्याऐवजी तुमची स्वतःची एक फेल होणारी टेस्ट मुलांच्या हातात द्या आणि ती हिरवी करायला अर्धा तास द्या. मार्क त्यावर ठेवा. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही तोपर्यंत थांबू नका. संध्याकाळच्या गाडीत बसायला जागा मिळाली तर फोनवर पहिली टेस्ट कर्जत ते खोपोलीच्या 25 मिनिटांत लिहून होते.